मंडळाला खेळाडू पाहिजेत

स्थानिक क्रीडा मंडळ ही महाराष्ट्रात गल्लोगल्ली आढळणारी संस्था आहे. तिच्याकडे मैदान असते, निदान मैदानाबाबतचा वाद तरी असतो. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असतो, लोखंडी कपाट असते, कपाटात करंडक असतात आणि कपाटाची किल्ली नेमकी आज न आलेल्या माणसाकडे असते. खेळाडू असतातच असे नाही. कबड्डीच्या संघात १२ जणांची नोंद होते आणि त्यांतले ७ मैदानात उतरतात. कार्यकारिणी १५-२० जणांची असते आणि बक्षीस समारंभाला ती सगळीच्या सगळी मैदानात उतरते. हे प्रमाण उलटे व्हावे असे प्रत्येक मंडळाला वर्षातून एकदा, वार्षिक सर्वसाधारण सभेत, मनापासून वाटते. नव्या मुलांपर्यंत पोहोचायचे कसे हा विषय तेव्हा निघतो.

सभेतली चर्चा ठरलेल्या क्रमाने जाते. प्रथम मोबाइलला दोष दिला जातो, मग हल्लीच्या आईबापांना, मग क्लासेसना, मग क्रिकेटला. अर्ध्या मैदानात गाड्या उभ्या राहतात हा मुद्दा कोणीतरी काढतो. पण त्या गाड्या सभेला आलेल्यांच्याच असल्यामुळे तो फार पुढे जात नाही. शेवटी मोबाइलमुळे मुले बिघडली यावर एकमत होते आणि मंडळाचे इन्स्टाग्रामवर पान काढण्याचा ठराव मंजूर होतो. सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात येतात. पान काढणार कोण, हे येत नाही.

मंडळाचे पहिले आणि सर्वांत टिकाऊ प्रसारमाध्यम म्हणजे नाक्यावरचा फळा. मुंबईत लालबाग, परळ, नायगाव या गिरणगावच्या भागात आणि पुण्याच्या पेठांत तो अजून दिसतो. वर रंगाने कायमचे लिहिलेले मंडळाचे नाव, खाली खडूने रोजचा मजकूर: निधनवार्ता, दहावीच्या निकालातले अभिनंदन, उद्या पाणी न येण्याची सूचना, कोपऱ्यात एक सुविचार. फळ्याचा वाचक पक्का असतो, कारण बसची वाट पाहणाऱ्याला समोर दुसरे काही वाचायला नसते. मजकुरालाही आपोआप शिस्त लागते. जागा थोडी आणि लिहिणाऱ्याचा हात दुखणारा. त्यामुळे ‘मुलांसाठी कबड्डीचा सराव रोज सायंकाळी ६ वाजता, मंडळाच्या पटांगणात’ ही ओळ फळ्यावर जितकी सरळ उतरते तितकी पुढच्या कोणत्याही माध्यमात उतरलेली नाही. दोष एवढाच, की चांगले अक्षर मंडळात एकाच माणसाचे असते. तो गणपतीला कोकणात गेला की फळाही त्याच्याबरोबर गावी जातो, आणि पंधरा दिवस तीच निधनवार्ता ताजी राहते.

अर्थात फळ्याच्या काळात खेळाडू मिळवायला फळ्याचीही फारशी गरज नव्हती. गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे संघ होते. चांगल्या चढाईपटूला नोकरी लागे, आणि नोकरी लागलेला मुलगा पगाराच्या दिवशी मिठाईचा पुडा घेऊन चाळीचा जिना चढताना चारही मजल्यांना दिसे. याहून परिणामकारक जाहिरात आजवर कोणत्याही मंडळाला साधलेली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, भोंगे थांबले आणि त्यांच्यामागोमाग ही जाहिरातही थांबत गेली. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे असे संघ पुढेही खेळत राहिले, पण ‘खेळून काय मिळणार’ या आईच्या प्रश्नाचे उत्तर जिन्यावर दिसेनासे झाले. मंडळे ते उत्तर तेव्हापासून कागदावर शोधत आहेत.

कागदांमध्ये वर्तमानपत्राचा मान पहिला. महाराष्ट्र टाइम्समध्ये वि. वि. करमरकर यांनी क्रीडा पानाला स्वतःची प्रतिष्ठा मिळवून दिली आणि क्रिकेटच्या कसोटीशेजारी कबड्डी, खो-खो, कुस्ती यांनाही मानाने बसवले. स्थानिक सामन्याची बातमी ही त्यामुळे मराठी दैनिकांतली एक रुळलेली गोष्ट झाली. तिची भाषाही रुळलेली आहे. लढत एकतर अटीतटीची होते किंवा एकतर्फी. या दोहोंच्या मधली लढत मराठी वर्तमानपत्रात अजून झालेली नाही. चढाया खोलवर असतात, पकडी भक्कम असतात, आणि हरलेल्या संघाच्या कोणीतरी ‘एकाकी झुंज’ दिलेली असते. एकाकी झुंज देणाऱ्या मुलाच्या घरी त्या दिवशी वर्तमानपत्राचे पाच अंक येतात. त्याच्या वर्गातला दुसरा एखादा मुलगा तो अंक पाहून मैदानाकडे वळतो, हे नाकारता येत नाही. नाव छापून येणे हे माध्यमाचे सर्वांत जुने बळ आहे.

अडचण मंडळाकडून जाणाऱ्या मजकुरात असते. त्याच्या पहिल्या परिच्छेदात उद्घाटक असतात, दुसऱ्यात प्रमुख पाहुणे, तिसऱ्यात व्यासपीठावरचे इतर, चौथ्यात ‘आदी मान्यवर’, आणि सामना कोणी जिंकला हे शेवटच्या ओळीत. उपसंपादकाची सवय अशी की जागा कमी पडली की बातमी खालून कापायची. त्यामुळे स्पर्धेचे उद्घाटन झाल्याचे सर्वांना कळते आणि निकाल मंडळाच्या कार्यालयातच राहतो. सोबतच्या छायाचित्रात करंडकाला २२ हात लागलेले असतात. त्यांत कर्णधाराचा हात ओळखू येतो, कारण तेवढाच मळलेला असतो. कर्णधार स्वतः विश्वस्तांच्या मागे असतो.

दुसरी अडचण काळाची. मंडळाच्या बातम्या बहुतेक भूतकाळात असतात. ‘उन्हाळी शिबिर उत्साहात संपन्न’ हे शीर्षक दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस जागोजागी दिसते. शिबिर होणार असल्याचे एप्रिलमध्ये क्वचितच कोणी कळवते. स्थानिक पुरवणीला अशी सूचना आठवडाभर आधी दिली तर ती चार ओळींत लागते, आणि त्या चार ओळी पालक कात्रीने कापून फ्रिजवर लावतात. ‘संपन्न’ची बातमी मात्र मंडळच कापते, तिच्यावर प्लास्टिक चढवते आणि कार्यालयात टांगते. तिथे ती वाचायला येणारे सगळे आधीपासून सभासद असतात.

वर्तमानपत्रांना निमित्त लागते हेही खरे. निमित्ते सरकारने आणि संघटनांनी पुरेशी दिली आहेत. खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले, आणि त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्यात क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. कबड्डीचे संघटक बुवा साळवी यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, कबड्डी दिन असतो. २९ ऑगस्ट ध्यानचंदांचा. या तीन दिवशी क्रीडा पानाला स्थानिक मजकूर हवाच असतो. मंडळे या तिन्ही दिवशी माजी अध्यक्षांचा सत्कार करतात. शाल आणि श्रीफळ यांपैकी एकही वस्तू मुलांना आकर्षित करत नाही.

वर्तमानपत्रात जागा मागावी लागते. फ्लेक्स विकत मिळतो. चौरस फुटाच्या दराने छापला जाणारा हा फलक स्वस्त झाला आणि मंडळांचा प्रसिद्धी विभाग त्यात कायमचा गुंडाळला गेला. क्रीडा मंडळाच्या फ्लेक्सची रचना अभ्यास करण्याजोगी आहे. सर्वांत वर देव किंवा महापुरुष. त्याखाली प्रेरणास्थान, त्याखाली आधारस्तंभ, त्याखाली मार्गदर्शक. डाव्या हाताला कार्यसम्राट, उजव्या हाताला युवा कार्यसम्राट. दोघांची छायाचित्रे तंतोतंत एका मापाची व्हावीत म्हणून छपाईच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत बैठक चालते. तळाशी शुभेच्छुकांची रांग असते. बहुतेकांच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि निम्म्यांच्या कानाला मोबाइल. फ्लेक्सवरचे हे सद्गृहस्थ मोबाइलवर नेमके कोणाशी बोलत असतात, याचा शोध अजून लागायचा आहे.

या गर्दीत एक खेळाडूही असतो. तो मंडळाचा नसतो. दुकानातल्या मुलाने तो इंटरनेटवरून उतरवलेला असतो आणि त्याच्या छातीवर भलत्याच शहराच्या संघाचे नाव असते. खो-खोच्या फलकावर कधीकधी धावपटूही चालवून घेतला जातो. मंडळाच्या मैदानात रोज घाम गाळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचे छायाचित्र तिथे टाकले, तर तिच्या इमारतीतल्या आणि शाळेतल्या मुली थांबून पाहतील, हे इतके उघड आहे की कोणाला सुचत नाही. शिवाय तिचे छायाचित्र टाकायचे तर एका शुभेच्छुकाला काढावे लागेल, आणि फलकाचे पैसे त्यानेच दिलेले असतात.

शिबिराची तारीख या फलकावर असते, पण ती उद्घाटनाची. रोजची वेळ नसते. वयोगट नसतो. शुल्क नसते, किंवा ‘अल्प’ असते. ‘अधिक माहितीसाठी संपर्क’ या शब्दांपुढे ‘बाळा, पप्पू, अण्णा’ अशी नावे असतात आणि नंबर नसतो, कारण त्यांना सगळेच ओळखतात. ज्याला बाळा, पप्पू, अण्णा ठाऊक आहेत त्याचा मुलगा मंडळात आधीच खेळत असतो. ज्याला ते ठाऊक नाहीत, त्याच्यासाठी फलक लावल्याचे सांगितले जाते.

विनापरवाना फलक लावणे हा महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे आणि उच्च न्यायालयाने त्यावरून महापालिकांना पुन्हापुन्हा सुनावले आहे. त्यामुळे अतिक्रमणवाल्यांची गाडी येते आणि फलक जातो. कधी ती येत नाही. मग पावसाळ्यात तोच फलक एखाद्या स्कूटरवर किंवा भाजीच्या गाडीवर ताणलेला आढळतो. आधारस्तंभांनी खरोखर काही आधार दिल्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण असते.

ध्वनिक्षेपकाचा उपयोग मंडळे फार मोठ्या प्रमाणावर करतात. प्रकाशझोतातल्या कबड्डी सामन्यांना हजारोंची गर्दी होते, आणि त्या गर्दीत जवळपासच्या सगळ्या वाड्यांतली, चाळींतली मुले पहिल्या रांगेत मातीवर बसलेली असतात. मंडळाला हवा असलेला श्रोता इतक्या जवळ, इतका एकाग्र आणि इतका फुकट पुन्हा कधी मिळत नाही. निवेदक या वेळात काय सांगतो? पुढच्या यशस्वी पकडीला अमुक यांच्याकडून ५०१ रुपये. पांढरी मोटार कोणाची आहे, त्यांनी ती काढावी. व्यासपीठावर आत्ताच आगमन झाले आहे. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम असल्यामुळे पावणेदहाला निवेदन वेगवान होते आणि आभारप्रदर्शनात संपते. ‘येत्या सोमवारपासून याच मैदानावर’ अशी सुरुवात असलेले वाक्य त्यात बसत नाही.

कुस्तीचे निवेदक याबाबतीत पुष्कळ पुढे आहेत. सांगली-कोल्हापूरकडच्या मैदानात हलगी कडाडत असताना निवेदक प्रत्येक पैलवानाचे गाव, त्याचा वस्ताद आणि त्याची तालीम सांगतो. बांधावर बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला त्यातून पूर्ण पत्ता कळतो: कुठे जायचे आणि कोणाच्या पाया पडायचे. आधुनिक प्रसिद्धिशास्त्राला याहून जास्त काही सांगायचे असते असे नाही. ते फक्त जास्त पैसे घेते. कोल्हापुरात तर फुटबॉलही तालमींच्याच नावाने खेळला जातो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे शाहू स्टेडियमवर ज्या आवेशाने घेतली जातात, तो पाहता तिथल्या मुलाचा संघ त्याच्या जन्मदाखल्यावरच्या पत्त्यावरूनच ठरत असावा. तिथे जाहिरातीचे काम पेठच करते. इतर शहरांनी कोल्हापूरचे अनुकरण करावे असे सुचवले जाते, पण त्यासाठी आधी कोल्हापूर असावे लागते.

मग दूरचित्रवाणी आली. म्हणजे ती होतीच, पण कबड्डी तिच्यावर आली. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि ३१ ऑगस्टला जयपूर पिंक पँथर्सने यू मुम्बाला हरवून पहिला करंडक नेला. चकचकीत मॅट, रंगीत दिवे, ३० सेकंदांची चढाई, निर्णायक तिसरी चढाई, घरंगळणाऱ्या देहांचे संथ चित्रण. ज्या खेळाला आतापर्यंत ‘मातीतला’ हे विशेषण पुरत होते, त्याला नट-नट्या टाळ्या वाजवू लागल्या. मंडळांनी जन्मात केली नसती एवढी प्रसिद्धी पाच आठवड्यांत झाली, तीही फुकट. मुले मैदानाकडे धावत आली.

मैदानात गुडघाभर पाणी होते. जुलै-ऑगस्ट हा मुंबईत आणि कोकणात उघड्यावरची माती बंद ठेवण्याचा काळ. क्रीडांगण तेव्हा बेडकांच्या ताब्यात असते आणि प्रशिक्षक गणपतीच्या वर्गणीच्या. मुलांना ‘दिवाळीनंतर या’ असे सांगण्यात आले. २०१५ चा दुसरा हंगामही १८ जुलै ते २३ ऑगस्ट असा भर पावसातच पार पडला. त्या वेळी यू मुम्बा जिंकला. उत्साह आणखी वाढला आणि पाणीही. दिवाळीनंतर जी मुले आलीच, त्यांनी मॅट कुठे आहे असे विचारले. त्यांना माती दाखवण्यात आली. त्यांनी बूट कुठले घालायचे ते विचारले. त्यांना बूट काढायला सांगण्यात आले. पडद्यावर पाहिलेल्या खेळात आणि समोरच्या खेळात एवढे अंतर असते तेव्हा ते भरून काढायला माणूस लागतो. ज्या मंडळांनी पावसाळ्यात शाळेचा हॉल मिळवून जुन्या गाद्यांवर का होईना पण सराव चालू ठेवला, तिथली मुले टिकली. बाकीच्यांनी लीगच्या पडद्यासमोर खुर्च्या मांडल्या आणि प्रेक्षक घडवले.

खो-खोचे तसेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मंडळाला यापेक्षा सोपी संधी मिळणे शक्य नव्हते. शिवाय महिना थंडीचा, मैदान कोरडे. अभिनंदनाचे फलक चौकाचौकांत लागले. त्यांवर विजेत्यांपेक्षा अभिनंदन करणारे मोठे होते, आणि आपल्या मुलीला हा खेळ कुठे शिकता येईल एवढे सोडून सगळे होते.

व्हॉट्सअॅपने प्रसिद्धीचा खर्च शून्यावर आणला आणि तिचे मोलही जवळपास तिथेच आणले. गटाची सभासद-मर्यादा एकेकाळी २५६ होती. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. सरावाला येणाऱ्यांची संख्या मात्र ११ राहिली. ‘फक्त खेळाविषयी’ असे नाव असलेल्या गटावर सकाळी फुले, दुपारी हरवलेल्या मुलाची सहा वर्षांपूर्वीची बातमी आणि रात्री उपवासाचे फायदे येतात. सरावाची वेळ बदलल्याचा संदेश यांच्यामध्ये कुठेतरी असतो आणि त्याला ३७ नमस्कार मिळतात. या गटात नवा खेळाडू येऊच शकत नाही, कारण गटात घेण्यासाठी तो आधी कोणाच्या तरी ओळखीचा असावा लागतो. व्हॉट्सअॅपचा खरा उपयोग दुसऱ्यांच्या गटात आहे: सोसायटीच्या, शाळेच्या वर्गाच्या, आणि विशेषतः आयांच्या गटात. तिथे एका आईने ‘आमची जाते, सर चांगले आहेत, साडेसातपर्यंत घरी येते’ एवढे लिहिले की मंडळाचे वर्षभराचे प्रसिद्धिकार्य आटोपते. हा मजकूर कार्यकारिणीला लिहिता येत नाही. तो कमवावा लागतो.

इन्स्टाग्रामचे पान शेवटी कोणाच्या तरी भाच्याकडे जाते. भाचा हुशार असतो. तो चढाई संथ करतो, तिच्यावर ढोल चढवतो, कडेने ज्वाळा सोडतो आणि खाली ‘नाद करायचा नाय’ असे लिहितो. चाळीस हजार लोक ती चित्रफीत पाहतात आणि मंडळात पेढे वाटले जातात. हे चाळीस हजार कुठले, हे कोणी पाहत नाही. त्यांतले काही लुधियानाचे असतात, काही दुबईचे. दुबईच्या माणसाला मंगळवारी संध्याकाळी सहाला परळच्या मैदानात पोहोचणे अवघड असते. शिवाय ज्वाळांतून बाहेर येणारे पिळदार गडी पाहून नवशिक्या मुलाची आणि त्याच्या आजीची अशी खात्री होते, की ही जागा आपल्यासाठी नाही. पहिल्यांदाच मैदानात आलेला, दोऱ्या बांधलेला चष्मा लावलेला, दम लागून हसणारा मुलगा पाच सेकंद दाखवला तर पाहणारे चारशेच असतील, पण ते शेजारच्या गल्लीतले असतील. अशी चित्रफीत टाकण्यापूर्वी त्या मुलाच्या पालकांना विचारणे मात्र आवश्यक आहे. २०२३ चा विदा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील मुलांबाबत पालकांची संमती मागतो. अलिबागच्या सहलीसाठी पालकांची सही घेणारी मंडळे जगभर दिसणाऱ्या चित्रफितीसाठी ती घेत नाहीत, हे चमत्कारिक आहे.

सामन्यांचे थेट प्रक्षेपण हे या मालिकेतले सर्वांत धाडसी माध्यम होय. मोबाइल तिवईवर लावला जातो आणि यूट्यूबवर प्रक्षेपण सुरू होते. पहिली दहा मिनिटे तिवई लावणाऱ्याची हनुवटी दिसते. मग सामना दिसतो, मग पुढे येऊन उभा राहिलेला एक माणूस. बरोबरी झालेली असताना, शेवटच्या चढाईला, त्या मोबाइलवर घरून फोन येतो. तरीही प्रक्षेपण करावे. बदली होऊन नागपूरला गेलेला जुना खेळाडू ते पाहतो आणि देणगी पाठवतो. नवा मुलगा त्यातून येत नाही, पण नव्या मुलाचे बूट त्यातून येतात.

दूरवर पोहोचणे आणि जवळ पोहोचणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सामुदायिक रेडिओचे प्रक्षेपण साधारण १० ते १५ किलोमीटरच जाते, आणि ही त्याची उणीव मानली जाते. क्रीडा मंडळाच्या दृष्टीने ही त्याची थोरवी आहे, कारण मूल सायकलने किंवा एसटीने रोज येऊ शकेल असे अंतरही तेवढेच असते. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे असे केंद्र आहे, आणि माणदेशी संस्थेचे खेळांचे प्रशिक्षणही त्याच परिसरात चालते. त्याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अशा मुलखात धावण्याविषयी माणदेशी बोलीत कोणी रेडिओवर बोलले, तर ऐकणाऱ्या मुलीला ते मैदान ठाऊक असते, रस्ता ठाऊक असतो आणि त्या रस्त्यावरचा कुत्राही.

याहूनही कमी अंतराचे माध्यम म्हणजे दिसणे. दादरच्या शिवाजी पार्कात १९२५ पासून असलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराला याचा फायदा आपोआप मिळालेला आहे. पार्काभोवती कट्टा आहे, कट्ट्यावर माणसे आहेत, आणि आत मुले उलटी टांगलेली आहेत. मल्लखांबावर उलटे टांगलेले मूल पाहून दुसरे मूल थांबत नाही असे सहसा होत नाही. ते आईचा हात ओढते. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये याच पार्कात झाली. सराव लोकांच्या नजरेसमोर ठेवणे हा प्रसिद्धीचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे, आणि तरीही अनेक मंडळे मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला पत्रे ठोकतात. त्या पत्र्यांवर फलक लावता येतो, हे त्याचे कारण.

या सर्व माध्यमांतून नव्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना जे समजायला हवे, ते चार ओळींचे आहे. कोणते दिवस आणि किती वाजता. कोणत्या जागी, म्हणजे कोणत्या देवळाच्या की शाळेच्या मागे. किती वर्षांची मुले, मुली घेतात का, आणि शिकवायला बाई आहेत का. पैसे किती, पहिल्या दिवशी काय आणायचे. याखाली एक नाव आणि एक नंबर. फळा, पुरवणी, फ्लेक्स, रेडिओ, आयांचा गट, भाच्याचे पान यांपैकी कशावरही हे सगळे मावते. नकाशाच्या अॅपवर मंडळाची खूण अध्यक्षांच्या हार्डवेअरच्या दुकानावर असेल, तर तीही मैदानावर आणून ठेवावी; दरवर्षी काही पालक मुलाला घेऊन दुकानात जातात आणि खिळे घेऊन परततात.

नंबर छापला की तो वाजतो, ही गोष्ट मंडळांना अनपेक्षित असते. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता एक आई फोन करते. पलीकडून ‘कोण पाहिजे?’ असे विचारले जाते. ती शिबिराबद्दल विचारते. ‘ते पप्पूला माहीत.’ पप्पूचा नंबर लागत नाही. इथवर आणण्यासाठी खर्ची पडलेले चौरस फूट, ज्वाळा आणि ५०१ रुपयांची बक्षिसे त्या एका वाक्यात जमा-खर्चाला समसमान होतात. म्हणून छापायचा नंबर अध्यक्षांचा नसावा. ज्याला सगळे माहीत आहे आणि जो फोन उचलतो त्याचा असावा. बहुतेक मंडळांत असा माणूस असतो. फळ्यावर लिहितो तोच तो.

राहिला प्रश्न मोजण्याचा. शिबिराच्या समारोपाच्या छायाचित्रात १२० मुले असतात आणि अहवालात तोच आकडा जातो. त्या १२० पैकी ४० जण मामाच्या गावाला आलेले असतात, ३० जणांना टोपी आणि टी-शर्ट फुकट मिळणार असल्याचे कळलेले असते, आणि काहींना तर घरच्यांनी दुपारची झोप मिळावी म्हणून पाठवलेले असते. जूनमध्ये शाळा सुरू होतात, क्लास सुरू होतात, पाऊस येतो. त्यानंतर जुलैच्या एखाद्या ओल्या संध्याकाळी, शाळेच्या हॉलमध्ये जितकी मुले हजर असतील तितके नवे खेळाडू मंडळाला मिळाले. अहवालात तो आकडा लिहावा.